समुद्रातला गॅस जमिनीवर चढतो तरी कसा?

कारंजेकर

नमस्कार मंडळी,

आमचं वावर कारंजा तालुक्यात, समृद्धी महामार्गाला लागूनच. महामार्गाच्या कडेनं मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅस पाइपलाइन गेली, ते काम आम्ही धुऱ्यावर बसून पाहिलं. चोवीस इंची लोखंडी पाइप ओळीनं मांडायचे, जोड वेल्ड करायचे, जोडाचा एक्स-रे काढायचा, वरून आवरण चढवायचं. मग साइडबूम नावाची यंत्रं ती अख्खी माळ उचलून चरात सोडायची. वर माती, मातीवर फलक. यात न समजण्यासारखं काही नाही.

माझं डोकं अडलं ते दुसऱ्या टोकाला. मुंबई हाय हे समुद्रातलं तेल-गॅसचं क्षेत्र किनाऱ्यापासून एकशे साठेक किलोमीटर आत. खोल पाण्यात जहाजावरून पाइप सोडत जातात, त्याचे व्हिडिओ पाहिले. पण किनारा जवळ आला की पाणी उथळ होतं, तिथं एवढं मोठं जहाज टेकणार. आणि पोकलेन काही समुद्रात उतरत नाही. मग मधला पट्टा कोण करतं आणि कसा? भरती-ओहोटी आहे, लाटा आहेत, वाळू सरकते, त्यात पाइप जागेवर राहतो कसा? कोणी ही कामं केली असतील तर सविस्तर लिहा. घाई नाही. सोयाबीन निघालं, तूर उभी आहे.

पोट्टा_वर्धेचा

लय सोपं हाय राजेहो. पाइपाच्या मुंडक्याले दोर बांधाचा आन किनाऱ्यावरून पोळ्याच्या साऱ्या बैलजोड्या लावाच्या. हुर्रर्र!

खारा_वारा

पोट्ट्या, तू गंमत केलीस पण उत्तर तेच आहे. फक्त बैलांच्या जागी विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारं यंत्र.

मी मूळचा आर्वीचा, आता समुद्रातल्या पाइपलाइनच्या कामांवर असतो. कारंजेकर, तुमचा प्रश्न एकदम नेमका आहे. शेकडो किलोमीटर लाइन टाकताना जेवढं डोकं लागत नाही तेवढं या शेवटच्या किलोमीटर-दीड किलोमीटरला लागतं. आम्ही या जागेला लँडफॉल म्हणतो.

पाइप टाकणाऱ्या बार्जला, म्हणजे तरंगत्या फलाटासारख्या जहाजाला, तरंगायला ठरावीक पाणी लागतं. उथळ पाण्यासाठी सपाट बुडाचे बार्ज असतात, तरी किनाऱ्यापासून काही अंतरावर त्यांना थांबावंच लागतं. तिथं बार्ज चारी बाजूंनी नांगर टाकून स्वतःला पक्कं करतो. किनाऱ्यावर त्याआधी महिने-दोन महिने सिव्हिलची माणसं राबत असतात. वाळूत दोन समांतर रांगांनी लोखंडी शीट पाइल, म्हणजे एकमेकांत अडकणारे उभे जाड पत्रे ठोकतात, व्हायब्रो हॅमरनं, थेट ओहोटीच्या रेषेपलीकडे पाण्यात. म्हणजे समुद्रात जाणारी एक गल्ली तयार होते. हा कॉफरडॅम. गल्लीतली वाळू उपसली की दोन्ही बाजूंच्या भिंती वाळूला आत ढासळू देत नाहीत. गल्लीच्या पुढचा चर ड्रेजरनं समुद्रतळात खणतात.

मग किनाऱ्यावरच्या विंचचा तारेचा दोर बोटीनं बार्जवर नेतात आणि पाइपच्या तोंडाला जाड पोलादी टोपी वेल्ड केलेली असते, तिला अडकवतात. या टोपीला पुल हेड म्हणतात. बार्जवर एक एक पाइप जोडला जातो, तेवढी लांबी विंच ओढून घेतो. पुन्हा जोड, पुन्हा ओढ. पाइप समुद्रतळावरून सरपटत चरात शिरतो आणि शेवटी ते टोपीचं तोंड गल्लीतून वर वाळूत येतं. काही ठिकाणी उलटं करतात, विंच बार्जवर आणि पाइपची माळ जमिनीवरून समुद्रात.

ओढ सुरू असताना किनाऱ्यावर विलक्षण शांतता पाळावी लागते. वायरलेसवर एकच माणूस बोलतो. दोर ताणावर आला की त्यातून पाणी पिळून बाहेर येतं आणि तो अंगातल्या अंगात करकरतो. दोराच्या रेषेत किंवा आसपास कोणी उभं राहायचं नाही, दोरी लावून जागा बंद केलेली असते. तो तुटला तर मागे येताना काय वाटेत आहे ते बघत नाही.

निवृत्त_पाटबंधारे

उत्तम माहिती. पण विंच कशाला बांधता ते सांगितलं नाहीत. शंभर टनांची ओढ घ्यायची तर विंचच समुद्राकडे घसरत जाईल. वाळूत पाया धरणार कसा?

खारा_वारा

काका, बरोबर पकडलंत. विंचच्या मागे किंवा पुढे शीट पाइलची आडवी भिंत जमिनीत पुरतात, किंवा मोठा काँक्रीटचा ठोकळा गाडतात. मातीचा अंगावरचा दाब ती ओढ पेलतो. त्याचं डिझाइन मातीच्या बोअर घेऊन होतं. बोअरचा अहवाल कच्चा असेल तर मग पुढची सगळी कामं देवाच्या भरवशावर.

कारंजेकर

वा! एक शंका. व्हिडिओत समुद्रातला पाइप जाडजूड काँक्रीटनं मढवलेला दिसतो. आमच्याकडचा तर नुसता काळ्या प्लास्टिकच्या आवरणाचा होता. लोखंड आधीच जड, त्यावर काँक्रीट कशाला? ओढायला आणखी त्रास नाही का?

निवृत्त_पाटबंधारे

हे मी सांगतो, यात पाटबंधाऱ्याच्या माणसालाही गती आहे.

चोवीस इंची म्हणजे ६१० मिलिमीटर बाहेरचा व्यास. एक मीटर लांबीचा असा तुकडा समुद्रात बुडवला तर तो सुमारे ३०० किलो पाणी बाजूला सारतो. आता पत्रा साधारण १२.७ मिलिमीटर जाड धरा. मीटरभर लोखंडाचं वजन भरतं १८७ किलो. आत गॅस, त्याचं वजन किरकोळ. म्हणजे मीटरमागे ११० किलोच्या वर उचल शिल्लक. बाप्पा, तो लोखंडाचा पाइप बुडत नाही, तरंगतो!

आता त्यावर ५० मिलिमीटर काँक्रीट चढवा. साधं नाही, त्यात खनिज लोखंडाचे दगड घालून घनता घनमीटरला तीन हजार किलोच्या वर नेलेली असते. मीटरला आणखी ३१५ किलो. एकूण ५०० किलो. व्यास वाढल्यानं बाजूला सारलेलं पाणीही वाढून ४०६ किलो झालं. उरलं मीटरला जेमतेम ९५ किलो. एवढंच वजन तळावर टेकतं.

खारा_वारा

काका, दंडवत. आणि खरी कसरत इथेच आहे. ते ९५ किलो कमी पडले तर लाटा पाइप हलवतील. जास्त झाले तर ओढता येणार नाही. किलोमीटरभर पाइप म्हणजे ९५ टन, तळावरचं घर्षण कधी कधी जवळजवळ तेवढंच, म्हणजे विंचवर तेवढी ओढ. अंतर वाढलं की पाइपला हवेच्या टाक्या बांधून वजन तात्पुरतं हलकं करतात आणि पाइप जागेवर बसला की टाक्या सोडून देतात. वाळूत तो थोडा वेळ पडून राहिला की रुतून बसतो, म्हणून एकदा ओढ सुरू झाली की सहसा थांबत नाहीत. रात्रपाळी, दिवसपाळी, पाऊस, काही नाही.

पोट्टा_वर्धेचा

म्हन्जे माह्या बैलाइले रात्री पेंड भी भेटनार नाही. काम क्यान्सल.

संत्र्याची_फोड

लाटांचं उत्तर राहिलं. पाइप चरात गेला, वर वाळू टाकली. पावसाळ्यात समुद्र तीच वाळू ओढून नेतो. अलिबागला आत्याकडे गेले की दिसतं, मे महिन्यात रुंद असलेली पुळण ऑगस्टमध्ये निम्मी असते.

खारा_वारा

म्हणून चराची खोली आजच्या पुळणीवरून ठरत नाही. वर्षभर वेगवेगळ्या ऋतूंत पुळणीची पातळी मोजतात, जुने नकाशे बघतात, वादळातली धूप हिशेबात धरतात आणि पाइपच्या आयुष्यात वाळू जास्तीत जास्त किती खाली जाईल त्याच्याही खाली पाइप ठेवतात. लाटा जिथं फुटतात त्या पट्ट्यात जोर सर्वांत जास्त, तिथं चर सर्वांत जपून करायचा. काही ठिकाणी वर दगडाचा थर देतात. काम संपलं की शीट पाइल उपटून काढायचे आणि पुळण होती तशी करायची. नंतर गेलात तर तिथं काही झालं होतं यावर विश्वास बसत नाही.

आणि हे सगळं अरबी समुद्रात ऑक्टोबर ते मे एवढ्यातच. जूनच्या आत लँडफॉल झाला नाही तर पुढच्या दिवाळीपर्यंत बार्ज बसून भाडं खातो.

निवृत्त_पाटबंधारे

माझं मत असं की हा पुळण फाडण्याचा प्रकार आता जुना झाला. सरळ एचडीडी, म्हणजे जमिनीखालून आडवं ड्रिलिंग करावं. जमिनीवरून तिरपं भोक पाडत समुद्रतळाखालून पुढे निघायचं, रीमरनं भोक मोठं करायचं, बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचा गाळ भरून ते धरून ठेवायचं आणि पाइप आत ओढून घ्यायचा. आमच्याकडे नदीखालून पाइप न्यायला हेच करतात. पुळणीला हात लावायचं कामच नाही.

खारा_वारा

नाही काका, सरसकट तसं म्हणता येत नाही. चिकणमातीत किंवा एकसंध खडकात एचडीडी छान जातं. गोटे, रेती, भुसभुशीत थर आला की भोक ढासळतं. बेंटोनाइट फट शोधून मध्येच समुद्रतळावर उसळतं, मग मच्छीमार विचारतात की हा राखाडी गाळ कुठला. मोठा व्यास असेल तर जोखीम आणखी वाढते. तिथं मायक्रोटनेल करतात. किनाऱ्यामागे खोल विहिरीसारखी शाफ्ट घ्यायची, त्यातून छोटं बोगदा यंत्र सोडायचं आणि मागून काँक्रीटचे नळ जॅकनं रेटत न्यायचे. यंत्र समुद्रतळावर बाहेर पडतं, तिथून क्रेननं उचलून घेतात. खर्च वाढतो, पण वरच्या माणसाला कळतही नाही.

निवृत्त_पाटबंधारे

खर्चाचं सोडा, कोकणात बेसाल्ट आहे. बेसाल्टला एचडीडी का नको?

खारा_वारा

बेसाल्ट एकसंध असेल तर हो. पण त्यात लाल मातीचे, झिजलेल्या मुरमाचे थर मध्ये मध्ये असतात, तुम्ही विहिरी खणताना पाहिलेच असतील. ड्रिलची दांडी कठीण थरावरून मऊ थरात घसरते आणि वाट सोडते. आणि उरणसारख्या ठिकाणी खडकाच्या वर चिखलच चिखल, ओहोटीला पाणी दूर जातं. तिथं माणूस चालू शकत नाही आणि बोटही चालू शकत नाही.

धुऱ्यावरची

सगळ्यांचं वाचलं. छान आहे. आता जरा वावरातलं बोलू का?

पुळण होती तशी करतात म्हणे. आमच्या सासऱ्यांच्या वावरातून एक पाइपलाइन गेली. कोणाची ते लिहीत नाही. ठरलं होतं की वरची काळी माती वेगळी काढायची, खालचा मुरूम वेगळा, आणि भरताना मुरूम खाली, काळी वर. ठेकेदाराच्या पोकलेनवाल्याला संध्याकाळी घरी जायची घाई. त्यानं दोन्ही एकत्र लोटलं. आता कपाशी पेरली की लांबून पट्टा ओळखू येतो. इकडे हिरवंगार, मध्ये पिवळी पडलेली खुरटी झाडं, पुन्हा हिरवंगार. सासरे दर वर्षी तिथं शेणखताच्या बंड्या रिकाम्या करतात.

नुकसानभरपाई मिळाली ती त्या हंगामाच्या पिकाची. जमिनीच्या आयुष्याचं काय?

संत्र्याची_फोड

ताई, कायद्यातच तसं आहे. १९६२ चा पेट्रोलियम पाइपलाइनचा कायदा. त्यात जमीन घेत नाहीत, फक्त वापराचा हक्क घेतात. मालकी तुमचीच राहते. त्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के मिळतात आणि पिकाचं, झाडांचं, कामात झालेलं नुकसान वेगळं. अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला २१ दिवस. आमच्याकडे बहुतेकांना अधिसूचना कळते ती पोकलेन आल्यावर.

वरूडचा_वैद्य

१० टक्के घ्या आणि वावरात झाड लावू नका, विहीर खणू नका, घर बांधू नका. उरलेले ९० टक्के मालक! संत्रावाल्यानं काय करावं? आमची झाडं पाच-सहा वर्षं पोसल्यावर फळ देतात.

खारा_वारा

वैद्यबुवा, झाडाला बंदी उगीच नाही. मुळं पाइपचं आवरण फोडतात, आवरण गेलं की तिथं गंज धरतो. गंजाविरुद्ध पाइपला बारीक विजेचा प्रवाह दिलेला असतो, समुद्रात त्याच कामासाठी अॅल्युमिनियमच्या कड्या बसवतात, त्या आपण झिजतात आणि पाइप वाचवतात. पण आवरण शाबूत हवंच.

ताईंचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. मातीचे थर वेगळे ठेवणं ही कागदावर प्रत्येक कामाची अट असते. तपासायला माणूस त्या दिवशी, त्या जागी हवा. समुद्रावर आमच्या प्रत्येक जोडावर तपासनीस असतो, वावरात मातीवर कोणी नसतं.

संत्र्याची_फोड

वैद्यबुवांसाठी एक गोष्ट. इटलीत मेलेंदुन्यो नावाच्या गावाजवळ ट्रान्स अॅड्रिअॅटिक पाइपलाइन किनाऱ्याला लागते. तिथं जैतुनाच्या बागा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. लोकांनी २०१७ मध्ये रस्ते अडवले. पुळणीला हात लागू नये म्हणून कंपनीनं सुमारे दीड किलोमीटर मायक्रोटनेल केला, थेट पुळणीखालून. पण बोगद्यामागची जैतुनाची झाडं मुळांसकट उचलून दुसरीकडे ठेवावी लागली, नंतर परत लावायच्या बोलीवर. आंदोलन त्या झाडांवरूनच पेटलं. वाळूची काळजी घेतली आणि झाडांचं दुखणं झालं.

वरूडचा_वैद्य

संत्र्याचं झाड उचलून परत लावलं तर फक्त सरपण होईल. पण त्या इटलीवाल्यांना आमचा रामराम.

अमरावतीचा_वाचक

इटलीपेक्षा आयर्लंडचं प्रकरण मोठं आहे. कॉरिब गॅस. समुद्रात सापडलेला गॅस मेयो परगण्यात ग्लेनगाडला किनाऱ्यावर आणून, तिथून आत शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायचा. गॅस प्रक्रिया न केलेला, आणि पाइपचं डिझाइन ३४५ बार दाबाचं. गावकरी म्हणाले, घरांपासून इतक्या जवळून नको, शुद्धीकरण समुद्रातच करा. २००५ मध्ये जमिनीवर कामाला आडवे आले म्हणून पाच जणांना तुरुंगात टाकलं, ९४ दिवस. त्यानंतर सगळा देश पेटला. शेवटी जमिनीवरचा दाब कमी करावा लागला, मार्ग बदलला आणि खाडीखालून सुमारे ४.९ किलोमीटरचा बोगदा काढावा लागला. गॅस सुरू झाला २०१५ च्या डिसेंबरात, ठरल्यापेक्षा कित्येक वर्षं उशिरा.

म्हणून धुऱ्यावरची ताई जे बोलल्या ते सोडून इंजिनीअरिंग पूर्ण होतच नाही.

निवृत्त_पाटबंधारे

मान्य. पण एक सांगतो, त्या बोगद्यानं प्रकल्प वाचला. लोकांनी अडवलं म्हणून जास्त चांगलं काम झालं. आमच्या खात्यात असं अडवणारे वेळेवर भेटले असते तर काही कालवे आज पाझरले नसते. बाकी बोलत नाही, पेन्शन चालू आहे.

पोट्टा_वर्धेचा

काका 😂😂

चंद्रपूरचा_धूर

माझा वेगळा मुद्दा. मुंबई हायला १९७४ साली तेल लागलं, काही वर्षांत समुद्राखालून पाइप उरणला आले. गॅस किनाऱ्याला लागला तिथं खत कारखाने झाले, हजीराहून लाइन उत्तरेत गेली तिकडेही कारखाने झाले. आम्ही इथं कोळसा काढतो आणि राख खातो. आता समृद्धीच्या कडेनं गॅस आला तो इथं थांबणार की झारसुगुड्याला टाटा करत जाणार?

अमरावतीचा_वाचक

धूर भाऊ, हा वेगळा धागा काढा. इथं वाद सुरू झाला की पाइप राहील बाजूला.

कारंजेकर

भाऊ, तुमचा वेगळा धागा निघाला की मी पहिला प्रतिसाद देतो. पण मी पुन्हा माझ्या प्रश्नावर येतो. काकांनी पाइप तरंगतो हे गणित मांडलं तेव्हापासून एकच डोक्यात फिरतंय. आमच्या नाल्यापाशी चर खणून ठेवला होता, पाइप आत होता, माती टाकायची बाकी होती. ऑगस्टात नाला तुडुंब आला. दुसऱ्या दिवशी पाइप चरातून वर आलेला, पाण्यावर कमानीसारखा! गावातले म्हणाले पुरानं ढकलला. म्हणजे तो तरंगलाच होता की?

निवृत्त_पाटबंधारे

नक्कीच. जमिनीवर पत्रा समुद्रापेक्षा पातळही असतो. ९.५ मिलिमीटर धरला तर मीटरला १४० किलो लोखंड, आणि बाजूला सारलेलं गोडं पाणी २९२ किलो. दुप्पट उचल. पुराची गरजच नव्हती, चरात पाणी भरणं पुरेसं होतं.

खारा_वारा

आणि काळ्या मातीत हे जास्त होतं. उन्हाळ्यात ढेकळं टाकून चर भरला तर ढेकळांत पोकळ्या राहतात. पहिल्या पावसात पाणी आत शिरतं, माती रबडी होते आणि पाइप हळूहळू वर सरकतो. म्हणून नाला ओलांडताना जमिनीवरच्या पाइपलाही काँक्रीटचं आवरण देतात किंवा काँक्रीटचे खोगिरासारखे ठोकळे वर घालतात. नाला कोरडा असतानाच काम उरकायचं. समुद्रातला नियम आणि तुमच्या नाल्यातला नियम एकच आहे कारंजेकर, फक्त तिथं हे कोणी विसरत नाही.

तुमच्याकडे नंतर ठोकळे घातले का?

कारंजेकर

घातले. उन्हाळ्यात परत उघडलं, पाणी उपसलं, ठोकळे क्रेननं उतरवले. आम्हाला वाटलं पाइप दाबून धरायला उगीच खर्च करतायत.

धुऱ्यावरची

खारा वारा भाऊ, एक विचारायचं राहिलं. आमच्या त्या पट्ट्याला लागून शेततळं घ्यायचं चाललंय. अनुदानाचा अर्ज भरलाय. जेसीबीवाला म्हणतो पाइप खोल आहे, काही होत नाही.

खारा_वारा

ताई, अजिबात नको. पाइपच्या वर मीटरभर-सव्वा मीटरच माती असते, जेसीबीचा दात तेवढा सहज जातो. आणि १९६२ च्या त्याच कायद्यात वापराच्या पट्ट्यात तळं, विहीर, बांध, सगळ्याला मनाई आहे. पट्ट्याच्या बाहेर घ्यायचं असेल तरी आधी कंपनीला कळवा. फलकावर फोन नंबर असतो. त्यांचा माणूस येऊन यंत्रानं पाइपची नेमकी रेषा आणि खोली दाखवून देतो, फुकट. तो येईपर्यंत जेसीबी वावरात येऊच देऊ नका.

मोठ्या लाइनमधल्या गॅसला बहुतेक वास नसतो, वासाचं द्रव्य शहराच्या वाटपकेंद्रावर मिसळतात. वास आला नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका.

धुऱ्यावरची

हे नव्हतं माहीत. फलक आमच्या धुऱ्यावरच आहे, नंबर पुसट झालाय.

खारा_वारा

लाइनवर रोज चालत तपासणारा माणूस असतो, लाइन वॉकर म्हणतात. त्याला गाठा, त्याच्याकडे असेल. मातीचा विषयही त्याच्याच कानावर घाला, लेखी.

पोट्टा_वर्धेचा

आन त्याले चहा पाजा. तो चालून चालून थकला असन.